बिनअंड्याचे मॅकरॉन

कूलर चालू असला की मॅकरॉनवर, म्हणजे बदामाच्या त्या गोल परदेशी बिस्किटांवर, साय धरत नाही, हे रुबिनाला बऱ्याच घाण्यांची माती झाल्यावर कळलं. तोवर ती साखरेला दोष देत होती, बदामाला देत होती, एकदा तर नवऱ्याने दुरुस्त करून दिलेल्या ओव्हनलाही देऊन झाला. एप्रिल अर्धा सरला होता. चिखलीत दुपारी बाहेर पाऊल टाकवत नव्हतं आणि घरातलं कोणी कूलरपुढून हलायला तयार नव्हतं. पण कूलरची ओली हवा खोलीभर फिरायची आणि ट्रेवर पाडलेल्या गोल टिकल्या तासन् तास चिकट राहायच्या. तशाच ओव्हनमध्ये घातल्या की वरून तडकायच्या.

"अम्मी, थोडी देर कूलर बंद करती मैं," रुबिना सासूला म्हणाली.

"बिस्किट के वास्ते हमको भूनती क्या गे?" नूरजहां चाची म्हणाल्या. पण उठल्या, आणि ओढणीने वारा घेत बाहेर ओट्यावरच्या सावलीत जाऊन बसल्या.

मनाली पलीकडे बदामाची पूड चाळत होती. घामाचा थेंब परातीत पडू नये म्हणून तिने कपाळाला फडकं बांधलं होतं. "एका साखरपुड्यासाठी एवढा छळ," ती म्हणाली.

"तूच तं हाव म्हटलं," रुबिना म्हणाली, आणि दोघी हसल्या.

दोघींची ओळख बुलढाण्याच्या केकच्या क्लासातली. चिखलीहून एकाच एसटीने जायच्या, एकाच सीटवर बसायच्या. मनाली बी.कॉम. झालेली, शिकवण्या घेणारी, लग्नाचं जमता जमता राहिलेली. रुबिना लग्न होऊन चिखलीत आलेली. तिचा नवरा शाकिर फ्रिज-कूलर दुरुस्त करायचा. बंद पडलेल्या एका बेकरीचा ओव्हन त्याने भंगारातून उचलून आणला, आठवडाभर त्यात डोकं घातलं आणि चालू करून बायकोच्या हवाली केला. त्यामुळे भाजणं सगळं रुबिनाच्या घरी. ऑर्डर घेणं, फोनवर गोड बोलणं, डबे पोचवणं मनालीकडे. फोनवर आणि डब्यावर नाव होतं ‘मनाली केक्स’.

ते नाव मनालीला खुपायचं. क्रीम गुळगुळीत फिरवणं, फुलं पाडणं, सगळं रुबिनाचं. मनालीच्या हातून साधी कडही सरळ येत नसे. "दोघींचं नाव टाकू," असं तिने अनेकदा म्हणून पाहिलं.

"नको," रुबिना म्हणायची. "तुझंच राहू दे. मले नाव नाई पाहिजे, काम पाहिजे."

मनालीला हे पटायचं नाही. तिचे वडील माणिकराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. लहानपणी गावच्या हॉटेलात त्यांचा कप वेगळा, खिळ्याला टांगलेला असायचा. त्यांनी मुलीला एकच गोष्ट ठासून शिकवली होती: कोणी विचारलं तर नाव, गाव, वस्ती, सगळं मान वर करून सांगायचं. लपवलं की समोरच्याचं खरं होतं. मनाली ते शिकली होती आणि आजवर तसंच वागली होती.

साखरपुडा होता प्रतीक्षाचा. अडत्या भगवानरावांची ही मुलगी पुण्याला नोकरीला होती. तिथे तिने मॅकरॉन खाल्ले होते आणि आपल्या कार्यक्रमात केकऐवजी त्यांचाच मनोरा हवा, गुलाबी आणि पांढरा, असा तिचा हट्ट होता. मनालीने हो म्हटलं. मग दोन दिवसांनी प्रतीक्षाच्या आई, रेणुकाताई, यांचा फोन आला. पाहुणे माळकरी आहेत, अंड्याचा वाससुद्धा चालायचा नाही.

मनालीने कपाळावर हात मारून घेतला. मॅकरॉन म्हणजे अंड्याचा पांढरा बलक, साखर आणि बदाम. बलक काढला तर उरलं काय?

उपाय रुबिनाने काढला. छोल्यांचा डॉलर हरभरा रात्री भिजवायचा, सकाळी शिजवायचा आणि त्याचं पाणी आटवत आटवत बलकासारखं दाट करायचं, असं तिने कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं. चिखलीत हरभऱ्याला काय तोटा! पहिल्या दिवशी ते पाणी फेसाळलंच नाही. दुसऱ्या वेळी फेस आला पण बदाम मिसळताच बसला. मग तिने पाणी आणखी आटवलं, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं, लिंबाचे थेंब टाकले आणि बीटर फिरवला. पातेलं उलटं धरलं तरी खाली पडेना असा पांढराशुभ्र फेस उभा राहिला. नूरजहां चाचींनी बोट लावून चाखला आणि म्हणाल्या, "अल्ला, छोले का पानी!" त्या आठवड्यात घरात सगळ्यांनी उकडलेले हरभरेच खाल्ले. शाकिर जेवायला बसला की ताटाकडे बघून नुसता मान हलवायचा.

त्या दुपारी कूलर बंद ठेवला आणि टिकल्यांवर साय धरली. बोट लावलं तर बोटाला काही लागेना. रुबिनाने ट्रे ओव्हनमध्ये सरकवला आणि दोघी काचेपुढे उकिडव्या बसल्या. घर तापून निघालं होतं. हळूहळू टिकल्या वर उचलल्या गेल्या आणि खालून बारीक झालर फुटली, चित्रात असते तशीच.

रुबिनाने मनालीचा हात धरला आणि दाबला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मनालीने तिला असं कधी पाहिलं नव्हतं.

कार्यक्रम मेहकर रोडवरच्या एका मंगल कार्यालयात होता. सकाळी डबे भरताना रुबिना म्हणाली, "मी येते मनोरा लावाले. तुझ्यानं नाई व्हायचं ते. पण कोणी विचारलं तं मदतीले आली म्हण. बाकी काही बोलू नको."

"काऊन?"

"असंच. खायच्या वस्तूचं असते लोकाईचं. मले माहीत आहे ना."

मनालीने तेव्हा मान डोलावली.

मनोरा सुरेख उभा राहिला. बिटाचा गुलाबी, साखरेचा पांढरा, मधे गुलकंदाचं आणि पिस्त्याचं क्रीम. रुबिनाने तो हॉलच्या थंड कोपऱ्यात लावला, दोनदा मागे सरून पाहिला आणि भटारखान्याच्या दाराशी रिकामे डबे आवरत उभी राहिली. नकाब तिने वर केला होता. गरम होत होतं.

अंगठ्या झाल्या, फोटो झाले. लोक मनोऱ्याभोवती जमले. प्रतीक्षाच्या आत्याने आधी संशय काढला, "हे अंड्याचं असते म्हणतात."

"नाही काकू, हरभऱ्याचं पाणी आहे," मनाली म्हणाली. "अंड्याचं नावही नाही."

हरभऱ्याचं पाणी म्हटल्यावर सगळे हसले. कोणी तोंडात टाकला, कोणी पोरांना दिला. नवरदेवाच्या आजीला दात नव्हते. त्यांनी एक चघळला, विरघळला तशा खुलल्या आणि दुसऱ्याला हात घातला. प्रतीक्षा लांबून मनालीकडे बघून हसली. मनालीने दाराकडे पाहिलं. रुबिना बघत होती.

"कुठली गं तू?" आत्याने विचारलं.

मनालीने वस्तीचं नाव सांगितलं. चिखलीत ते नाव सांगितलं की बाकी काही सांगावं लागत नाही.

"असं असं," आत्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मुद्दाम मऊ झाला. "काही नाही बाई, आता तसं काही राह्यलं नाही. तुमच्याकडचं चालते आमच्यात." आणि मग हनुवटीने दाराकडे दाखवून, "पण ती कोण? बुरख्यातली?"

‘तुमच्याकडचं चालते’ हे मनालीच्या कानात अजून वाजत होतं. आजूबाजूच्या चार बायका थांबून ऐकत होत्या. दाराशी रुबिनाने मान किंचित हलवली. नको. मनालीला ते दिसलं. नंतर तिने कितीदा स्वतःला विचारलं, दिसलं होतं का? दिसलं होतं.

"ती रुबिना," मनाली मोठ्याने म्हणाली. "हे सगळं तिनं बनवलं. तिच्याच घरी, तिच्याच हातानं. मले तं एक टिकली पाडता येत नाई. तारीफ करायची तं तिची करा."

कोणी ओरडलं नाही. कोणी काही फेकलं नाही. नवरदेवाच्या आजींनी हातातला अर्धा मॅकरॉन बशीत ठेवला आणि पदराला बोटं पुसली. एका बाईने पोराच्या हातातला काढून घेतला, तो रडायला लागला. आत्या रेणुकाताईंना बाजूला घेऊन गेल्या. थोड्या वेळाने रेणुकाताई मनालीजवळ आल्या, तिचा दंड धरून हळू आवाजात म्हणाल्या, "माझं काही नाही हो. मी खाल्ले, दोन खाल्ले. पण पाहुण्यांपुढं तमाशा नको. हे आपण मागं ठेवू."

वाढपी पोरांनी मनोरा टेबलासकट उचलला आणि भांडी घासायच्या जागेकडे नेला. प्रतीक्षा सोफ्यावर बसून हातावरची मेंदी बघत राहिली. तिने मान वर केली नाही.

ऑटोत दोघींच्या मधे डबे होते. मनाली अजून तावात होती. "कसे लोक आहेत बे हे! खाऊन राह्यले होते, मजेत खाऊन राह्यले होते!"

रुबिना बाहेर बघत होती. बरंच पुढे गेल्यावर तिने विचारलं, "मोठा ट्रे घेतला ना?"

"घेतला."

रुबिनाने नकाब खाली घेतला आणि परत बाहेर बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी मनोऱ्याचा फोटो मोबाइलच्या ग्रुपांवर फिरायला लागला. खाली लिहिलं होतं की माळकऱ्यांना फसवून अंडं खाऊ घातलं. संध्याकाळपर्यंत त्यात आणखी भर पडली, जी घरात मोठ्याने वाचण्यासारखी नव्हती. ‘मनाली केक्स’चे वाढदिवसाचे केक एकापाठोपाठ एक रद्द झाले. कोणाचा मुलगा आजारी पडला, कोणाचा कार्यक्रम पुढे गेला. कारण खरं कोणीच सांगितलं नाही.

मनालीच्या मनाची याला तयारी होती. तिच्या घरात असल्या गोष्टी नव्या नव्हत्या. माणिकराव म्हणाले, "बरोबर बोलली तू." आई केसरबाई तेवढी चुलीकडे तोंड करून म्हणाली, "बरोबर तं बोलली. पण त्या पोरीले घर आहे, संसार आहे." माणिकरावांनी तिला गप्प केलं.

मनालीने पोलिसात जायचं ठरवलं. ग्रुपवर उत्तरही लिहून ठेवलं होतं. हरभऱ्याच्या पाण्याचा व्हिडिओ काढू, सगळ्यांना दाखवू. तिने रुबिनाला फोन केला. उचलला नाही. परत केला. मग नुसता निरोप आला, ‘काही करू नको. हात जोडते.’

शाकिरचं असं होतं की वर्षभराची कमाई उन्हाळ्यातच. एप्रिल-मेमध्ये त्याला जेवायला फुरसत नसायची. त्या एप्रिलच्या शेवटी त्याचा फोन शांत पडून राहायला लागला. ज्या कार्यालयात साखरपुडा झाला, तिथले कूलर आणि मोठा डीप फ्रीझर दर वर्षी तोच बघायचा. तिथल्या मॅनेजरने चहा पाजला, पाठीवर हात ठेवला आणि "सध्या थोडे दिवस राहू दे शाकिरभाई" म्हणून परत पाठवलं. मग घरमालक आला. गल्लीतले लोक ओव्हनच्या उष्णतेची तक्रार करतात म्हणाला. दोन वर्षं कोणालाही ती उष्णता लागली नव्हती.

शाकिर आरडाओरडा करणारा माणूस नव्हता. एका संध्याकाळी त्याने ओव्हनचा प्लग काढला, वायर गुंडाळून वर ठेवली आणि बायकोला म्हणाला, "मैंने कभी रोका नहीं तुझे. अब बंद कर."

मनाली गेली तेव्हा ओव्हनवर चादर टाकलेली होती आणि तिच्यावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या होत्या. शाकिर दारात होता. "या ताई, बसा," म्हणून तो बाहेर निघून गेला. चाचींनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि त्याही ओट्यावर गेल्या. कूलर चालू होता. त्याच्या आवाजात दोघींना जरा मोठ्याने बोलावं लागत होतं.

"तू घाबरू नको," मनाली म्हणाली. "आपण खोटं काही केलं नाई. बाबा म्हणतात, लेखी तक्रार देऊ, तुझं नाव..."

"परत माझं नाव?" रुबिना म्हणाली.

मनालीने पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"मी तुले सकाळी सांगितलं होतं. मी तुले तिथंही मान हलवून सांगितलं. तुनं पाह्यलं."

"मग काय खोटं बोलायचं होतं? तू बनवलं अन् मी माझं म्हणून मिरवायचं? दोन वर्षं तेच करून राह्यली मी. लाज वाटते मले."

"तुले लाज वाटत होती म्हणून बोलली ना तू? माझ्यासाठी नाई बोलली."

"रुबिना!"

"त्या बाईनं तुले टोचलं. तुमच्याकडचं चालते म्हणाली. मी ऐकलं, कान आहेत मले. तुले राग आला आणि तू मले उचलून तिच्या तोंडावर फेकलं." तिचा आवाज चढला नव्हता, पण ती हातातला टॉवेल पिळत होती. "तू खरं बोलली मनाली. एकदम खरं बोलली. पण ते खरं माझं होतं ना? मले विचारायचं तं होतं, द्यायचं का नाई ते."

मनालीला एवढंच वाटत होतं की आपण बरोबर होतो, आणि तरी समोर जे बसलंय ते आपल्यामुळे आहे. या दोन गोष्टी एकत्र कशा धरायच्या हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

"माझे वडील म्हणतात, लपवलं की समोरच्याचं खरं होते," ती शेवटी म्हणाली.

"तुझे वडील बरोबर म्हणतात," रुबिना म्हणाली. "त्याईच्या मागं त्याईची वस्ती उभी आहे. मोर्चा निघते त्याईचा. माझ्या मागं एक कूलरवाला आहे, किरायाच्या घरात." मग ती उठली. "चहा ठेवते."

मनालीने चहा घेतला. दोघी साखरेच्या भावाबद्दल, चाचींच्या गुडघ्याबद्दल बोलल्या. निघताना मनाली म्हणाली, "चूक झाली माझी." रुबिनाने "असू दे" म्हटलं, आणि ते माफ केल्यासारखं नव्हतं, विषय संपवल्यासारखं होतं.

जूनमध्ये रुबिनाच्या घरच्यांनी चिखली सोडली. मलकापूरला शाकिरच्या भावाचं दुकान होतं, त्याच्याकडे काम मिळालं. ओव्हन कोणीतरी टोस्ट भाजायला विकत नेला. मनालीला हे सगळं नंतर कळलं, गल्लीत गेली आणि दाराला दुसऱ्याचं कुलूप दिसलं तेव्हा. ‘मनाली केक्स’ तिने बंद केलं आणि शिकवण्या वाढवल्या. लोक विसरले. पुढच्या लग्नसराईत तर डोणगावहून एक फोन आला, ते गुलाबी-पांढरं तुम्हीच करता ना म्हणून. मनाली म्हणाली, ते करणारी आता इथे नाही.

थंडीत एकदा चिखलीच्या स्टँडवर रुबिनाशी गाठ पडली. चाचींच्या डोळ्याचं ऑपरेशन करून सासू-सून परत मलकापूरला निघाल्या होत्या. चाचींच्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती. मनालीने त्यांची पिशवी उचलली, दोघींना सावलीतल्या बाकावर बसवलं, पाण्याची बाटली आणून दिली. रुबिना वाळली होती. एका शाळेत मुलांची खिचडी शिजवायला जाते म्हणाली.

"जमतं का?"

"जमते. मोठं पातेलं आहे, हात दुखतात. बाकी ठीक." मग तिने विचारलं, "काकू कशा आहेत? बाबा?"

"बरे आहेत."

"सलाम सांग."

मनालीला खूप काही विचारायचं होतं. गाडी लागली आणि लोक दाराकडे धावले. तिने चाचींना धरून चढवलं, खिडकीची जागा मिळवून दिली आणि खाली येऊन उभी राहिली. चाचींनी उघड्या डोळ्याने तिला शोधलं आणि खिडकीतून हात बाहेर काढून तिच्या डोक्यावर ठेवला.

"मलकापूर आ बेटा कभी. घर आ."

"येईन चाची," मनाली म्हणाली आणि रुबिनाकडे पाहिलं. रुबिना मांडीवरच्या पिशवीचे बंद सारखे करत होती. तिने ऐकलं होतं. कंडक्टरने घंटी मारली, गाडी मागे सरली, वळली. रुबिनाने ‘ये’ म्हटलं नाही.